शिसवी पलंगाची गिटार

माझी भाची डावखुरी आहे. ती जेवते, लिहिते, भाकरी थापते आणि चेंडू फेकते तो डाव्याच हाताने, आणि तिला गिटार शिकायची होती. 2022 च्या उन्हाळ्यात ती हिंगणघाटहून आमच्या गावी सुट्टीला आली तेव्हा मैत्रिणीची गिटार मागून आणली होती आणि ती उलटी धरून, म्हणजे जाड तार खाली आणि बारीक तार वर अशा अवस्थेत, काहीतरी वाजवण्याचा प्रयत्न करीत सपरीत बसत असे. तिच्या शिकवणीतल्या एकाने तिला उजव्या हाताने वाजवायला शिक, सवय होईल, असे सांगितले होते. मी सव्वीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो आहे आणि डावखुऱ्या मुलांच्या हातातली पेन्सिल ओढून दुसऱ्या हातात देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे ते ऐकून मला फार वाईट वाटले.

तारा काढून उलट क्रमाने बसवल्या म्हणजे काम भागेल असे प्रथम मलाही वाटले होते. पण तसे होत नाही. पोलादी तारांच्या गिटारीत घोडीवरची, म्हणजे तारांची खालची टोके जिथे अडकतात त्या लाकडी तुकड्यावरची, हाडाची पट्टी, जिला सॅडल म्हणतात, ती मुद्दाम तिरकी बसवलेली असते, कारण जाड तार दाबली असता तिचा स्वर बारीक तारेपेक्षा अधिक चढतो आणि तो जागेवर आणण्यासाठी तिला सुमारे तीन मिलिमीटर जास्त लांबी द्यावी लागते. तारा उलटवल्या की ही जास्तीची लांबी नेमकी नको त्या तारेला मिळते आणि वरच्या पडद्यांवर, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, सगळे स्वर बेसूर होतात. मानेच्या टोकाशी असलेल्या नटातल्या खाचाही जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, आणि तबलीच्या, म्हणजे गिटारीच्या दर्शनी पातळ फळीच्या, आत चिकटवलेल्या पट्ट्याही डावी-उजवी बाजू पाहून लावलेल्या असतात. म्हणजे डावखुऱ्या माणसासाठी गिटार आरशातल्या प्रतिबिंबासारखी पहिल्यापासून उलटीच बांधावी लागते. यवतमाळला मी ज्या दोन दुकानांत विचारले तिथे तशी गिटार नव्हती. मागवून देऊ म्हणाले, पण मोठ्या मापाची, आणि भाचीचे हात लहान आहेत.

त्याच उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराची एक भिंत उतरवताना आईचा पलंग बाहेर काढावा लागला. आईचे लग्न 1968 चे, आणि हा शिसवी पलंग तिच्या माहेरून बंडीत घालून आणलेला. त्याचे दोन पाय वाळवीने खाल्ले होते, परंतु बाजूच्या दोन्ही लांब पट्ट्या आणि उशाकडची रुंद फळी जशीच्या तशी होती. गिटारीच्या लाकडांविषयी मी तेव्हा वाचू लागलो होतो, म्हणून मला हे कळले होते की आपण ज्याला शिसव म्हणतो ते लाकूड जगभरचे गिटार बांधणारे पाठीसाठी आणि बाजूंसाठी वापरतात. पूर्वी त्यासाठी ब्राझीलमधले त्याच कुळातले लाकूड वापरीत. ते मिळेनासे झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 च्या सुमारास भारतीय शिसव घेतले आणि इतरांनीही तेच केले. पुढे 2017 मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. इतके मोलाचे लाकूड आमच्या कोठ्यात ढेपेच्या पोत्यांखाली पडून राहणार होते. मी आईला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पोरीसाठी होत असेल तर घे. पण जाळायला नको देऊ उरलेलं."

आमच्या गावात एकच वाढई उरले आहेत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. तिफण, वखर, डवरे आणि बंडीची चाके करण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि ट्रॅक्टर आल्यानंतर ते दाराच्या चौकटी आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करू लागले. भाची चार वर्षांची असताना तिने मिरवणुकीत ओढलेला नंदीही त्यांच्याच हातचा. माझ्याकडे पुस्तकी माहिती होती, आकडेमोड होती, पण रंधा धरण्याचे कौशल्य नव्हते. मी त्यांच्याकडे गेलो, कागदावरचा आराखडा दाखवला आणि काका, मला हे शिकवा, असे म्हटले. त्यांनी आराखडा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "याच्यात वजन कोनतं येते?" हाच पहिला प्रश्न त्यांनी विचारला, आणि पुढची दोन वर्षे आम्ही दोघे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

सहा पोलादी तारा सुरात ताणल्या की त्यांची एकूण ओढ सुमारे सत्तर किलोची होते. एक धडधाकट माणूस त्या इवल्याशा घोडीला कायमचा लोंबकळत ठेवावा, तसा तो भार आहे. आणि हा भार जी तबली पेलते तिची जाडी फक्त पावणेतीन ते तीन मिलिमीटर असते. जाड तबली घेतली तर भार सहज पेलेल, पण ती थरथरणार नाही आणि आवाज फळीवर टिचकी मारल्यासारखा कोरडा येईल. पातळ केली तर आवाज मोकळा होईल, पण एक दिवस घोडीखाली ती फुगेल आणि फाटेल. वाद्य बांधणाऱ्याला या दोन टोकांच्या मधली, आणि त्यातही मोडण्याच्या बाजूला जवळ असलेली, जागा शोधावी लागते. काकांच्या साऱ्या कारागिरीला हे मान्य होणे कठीण होते. बंडीचे चाक करताना धावडा किंवा तिवसासारखे चिवट लाकूड घ्यायचे आणि लागते त्याहून थोडे जास्तच ठेवायचे, ही त्यांची पन्नास वर्षांची रीत. मी रंधा मारत असताना ते शेजारी उकिडवे बसून म्हणत, "गुरुजी, इतकी पातळ काहून करून राह्यले? हे तं पापडावानी मोडन."

पलंगाच्या पट्ट्या आम्ही आरा गिरणीत नेऊन चार-चार मिलिमीटरच्या फळ्यांमध्ये चिरून घेतल्या. त्याआधी एक पूर्ण दिवस त्यातले खिळे शोधून काढण्यात गेला. उशाच्या फळीचे दोन पातळ पापुद्रे केले आणि वही उघडावी तसे ते शेजारी शेजारी उघडून जोडले, त्यामुळे पाठीवर लाकडाच्या रेषा दोन्हीकडे सारख्या उमटल्या. चौपन्न वर्षे सावलीत वाळलेले ते लाकूड कापताना त्याला जो गोड वास येत होता, त्याने काकांचे सारे अंगण भरून गेले. शिसवाची भुकटी मात्र नाकात आणि डोळ्यांत चांगली नसते, हे इथे सांगायला हवे. तोंडाला फडके बांधल्याशिवाय कोणी ते घासू नये.

बाजू वाकवण्याचे काम काकांना मनापासून आवडले, कारण त्यात विस्तव होता. चाकावर लोखंडी धाव चढवताना ती गोवऱ्यांच्या आरावर लाल करून, फुगली असतानाच चाकावर घालायची आणि पाणी टाकून आवळायची, हे त्यांनी लोहाराबरोबर असंख्य वेळा केलेले होते, त्यामुळे उष्णता आणि लाकूड यांचे नाते त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळत होते. आम्ही एक लोखंडी नळी आडवी बसवली, तिच्या आत निखारे भरले आणि दोन मिलिमीटर जाडीची ओलसर केलेली पट्टी तिच्यावर हळूहळू दाबत गेलो. नळीवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो नाचत उडून गेला की ती तयार झाली असे समजायचे. माझी पहिली पट्टी कमरेच्या वळणावर कडकन मोडली. काका म्हणाले, "तुमी ढकलून राह्यले. ढकलू नका. ते सवताच बसते, तवा हात न्या." दुसरी पट्टी त्यांनी स्वतः वाकवली. लाकडातला राळेसारखा अंश तापून मऊ होतो तो क्षण त्यांना हाताला कळत होता. मला तो तिसऱ्या पट्टीला कळला.

पडद्यांचे गणित मी शाळेत नेले. नटापासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी मी 632 मिलिमीटर धरली होती, कारण या थोड्या आखूड मापात पडदे जवळ येतात आणि लहान बोटांना सोपे जाते. एका सप्तकात बारा समान पायऱ्या बसवायच्या असतील तर प्रत्येक पायरीला उरलेली लांबी 17.817 ने भागायची आणि येणाऱ्या अंतरावर पडदा बसवायचा. पहिला पडदा 35.47 मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे 33.48 वर, असे करत करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, 316 मिलिमीटरवर, येतो. आठवीच्या मुलांनी हा भागाकार फळ्यावर केला आणि बाराव्या पायरीला उत्तर निम्म्यावर येऊन थांबले तेव्हा वर्गात जो आवाज झाला, तो मी इतक्या वर्षांत अपूर्णांक शिकवताना कधी ऐकला नव्हता. लाकडावर आखताना मात्र प्रत्येक पडद्याचे अंतर नटापासूनच मोजायचे. एकापुढे एक मोजत गेले तर केसाएवढी चूक वाढत वाढत शेवटच्या पडद्यापर्यंत ऐकू येण्याइतकी मोठी होते.

मान आम्ही जुन्या चौकटीच्या सागवानाची केली, आत पोलादी सळई बसवली आणि काकांनी कुसू-भोकाचा सांधा इतका घट्ट घातला की सरस न लावताही तो हलत नव्हता. तबलीसाठी स्प्रूस हे लाकूड बाहेरून मागवावे लागले. थंड प्रदेशातल्या त्या झाडाचे लाकूड वजनाला हलके असूनही ताठ असते, आणि तबलीला हेच दोन गुण एकत्र लागतात. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बांधली होती. गिटारीचा आवाज मुख्यतः तबलीतून येतो हे त्याला दाखवायचे होते. हे वाचल्यावर पलंगाच्या शिसवाबद्दलचा माझा अभिमान थोडा जागेवर आला आणि मी सगळे लक्ष तबलीकडे वळवले. आतल्या पट्ट्या फुलीच्या आकारात लावायच्या होत्या. जर्मनीतून 1833 मध्ये अमेरिकेत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याने ही रचना 1840 च्या दशकात वापरात आणली आणि पुढे पोलादी तारांची ओढ पेलायला तीच कामी आली. भाचीसाठी मी फुलीखालच्या तिरप्या पट्ट्या उलट्या दिशेने आखल्या.

या तबलीच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. श्रावणात शाळेला दोन दिवस सुट्टी मिळाली, बाहेर पावसाची झड लागली होती, काका रिकामे होते, आणि मी पट्ट्या चिकटवून टाकल्या. घरातल्या आर्द्रतामापकाचा काटा 88 वर होता. मी तो पाहिला आणि तरीही थांबलो नाही. दिवाळीपर्यंत गिटारीचा पेटारा बंद झाला, सुंदर दिसत होता. होळीनंतर एका दुपारी सपरीत बसलो असताना आतल्या खोलीतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तबली घोडीच्या जागेपासून खालच्या काठापर्यंत रेषेत उभी फाटली होती.

कारण सरळ होते आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवे होते. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते आणि कोरड्या हवेत रुंदीला आकसते, लांबीला मात्र त्याच्यात जवळजवळ काही बदल होत नाही. फुगलेल्या तबलीवर मी आडव्या पट्ट्या पक्क्या केल्या होत्या. आमच्याकडे फाल्गुनापासून हवा झपाट्याने कोरडी होते, तबली काही मिलिमीटर आकसू पाहत होती, आणि पट्ट्या तिला आकसू देत नव्हत्या. मग ती फाटली. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारी आर्द्रता 15 च्याही खाली उतरते, तर आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. एवढ्या दोन टोकांमध्ये जे वाद्य जगायचे आहे त्याच्या पट्ट्या मध्यावर, म्हणजे हवेत 45 ते 50 टक्के ओलावा असताना, चिकटवाव्या लागतात, आणि आमच्याकडे तसे दिवस दिवाळीनंतर येतात. त्या रात्री मला झोप आली नाही. भाचीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, माझी घाई नाही." ती तेरा वर्षांची होती.

फाटलेली तबली काढून टाकली, नवी मागवली आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही असे ठरवले. मधल्या मे महिन्यात वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला गेलो. सतार आणि तंबोरे करणारी घराणी तिथे अनेक पिढ्यांपासून नांदत आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका वृद्ध कारागिरांनी मला दुपारभर शेजारी बसवून घेतले. ते तबली दोन बोटांत कडेजवळ हलकेच धरीत, कानाशी नेत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करीत. जाडी मोजण्याचे कोणतेही साधन त्यांनी वापरले नाही. "ती बोलायला लागली की थांबायचं," एवढेच ते म्हणाले.

कार्तिकात पुन्हा काम सुरू झाले. या वेळी फेविकॉल बाजूला ठेवला आणि काकांनी माळ्यावरून सरसाचे जुने भांडे काढले. साधा पांढरा गोंद सततच्या ओढीखाली आणि आमच्या उन्हाळ्याच्या उष्णतेत हळूहळू सरकतो, आणि घोडी उचकटते. कातडी-हाडांपासून केलेला सरस मात्र एकदा बसला की सरकत नाही. त्याला वास असतो, तो पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद तापवावा लागतो, आणि लावल्यावर मिनिटभरात सांधा दाबावा लागतो, त्यामुळे दोन माणसांचे चार हात लागतात. माझा आणि काकांचा हात त्या कामात एकमेकांना न सांगता चालू लागला होता.

मग पट्ट्या तासण्याचे दिवस आले. पटाशीने एका पट्टीचे टोक थोडे उतरवायचे, तबली उचलायची, टिचकी मारायची, ऐकायचे. आधी आवाज लाकडाचा येतो. हळूहळू तो खाली उतरतो आणि लांबतो. काका सुरुवातीला लांब बसत, कारण त्यांना ते पाहवत नव्हते. चौथ्या दिवशी ते जवळ आले, मी थांबायच्या बेतात होतो, तेव्हा त्यांनी तबली माझ्या हातातून घेतली, कानाशी नेली, आपल्या जाड बोटाने दोनदा वाजवली आणि म्हणाले, "अजून नाई झालं. या कोपऱ्यात अडकून राह्यली." त्यांनी स्वतः पटाशी घेतली आणि खालच्या डाव्या पट्टीचा नखाएवढा पापुद्रा काढला. पुन्हा वाजवली. तो आवाज घंटेसारखा लांब गेला. पन्नास वर्षे लाकूड जास्तीचे ठेवत आलेल्या माणसाने ते काढले, आणि मी असतो तर तिथे आधीच थांबलो असतो.

झिलईसाठी चपडा लाख वापरली. ही लाख पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते आणि आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलांना ती नवी नाही. स्पिरिटमध्ये विरघळवून, आमच्याच शेतातल्या कापसाची पुरचुंडी सुती कापडात बांधून, ती रोज थोडी थोडी घासत गेलो. जानेवारीचा सगळा महिना त्यात गेला. प्रत्येक हातासरशी शिसवाचा जांभळट तपकिरी रंग आतून वर येत होता.

2024 च्या गुढीपाडव्याला बहीण भाचीला घेऊन आली. गिटार मी आईच्या हातून द्यायला लावली. आईने ती आधी मांडीवर पालथी घेतली. पाठीच्या फळीत, कमरेच्या थोडे वर, खिळ्याचे एक भोक होते, ते मी शिसवाच्याच गुंजेएवढ्या तुकड्याने बुजवले होते आणि माझ्या मते ते कोणाला दिसण्यासारखे नव्हते. आईने त्यावर बोट ठेवले. "इथे मच्छरदाणीची दोरी बांधायचो," ती म्हणाली, "तुम्ही दोघं लहान होते तवा." मग तिने गिटार सरळ केली आणि नातीकडे दिली.

भाचीने ती डाव्या हाताने छेडायची म्हणून तशीच धरली आणि प्रथमच तिला काही उलटे करावे लागले नाही. तिने सगळ्यात जाड तार एकदा छेडली आणि हात उचलून ऐकत राहिली. काका दारात उभे होते, आत या म्हटले तरी आले नाहीत, तो स्वर संपेपर्यंत तिथेच मान खाली घालून उभे राहिले.

आवाजात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. पाचवी तार नवव्या पडद्यावर किंचित चढते आणि मधल्या स्वरांपेक्षा खालचे स्वर अधिक भरीव आहेत. पेटीत आम्ही आर्द्रतामापक आणि भोके पाडलेल्या साबणदाणीत बसवलेला स्पंज ठेवून दिला आहे, आणि कूलरच्या थेट झोतात किंवा मोटारीत गिटार ठेवायची नाही हे बहिणीलाही नीट समजावले आहे. मे महिन्यात दर रविवारी भाचीचा फोन येतो. गेल्या रविवारी ती म्हणाली, "मामा, काटा 31 वर आला आहे, स्पंज ओला केला, पण पिळून घेतला, थेंब पडू दिला नाही." मग तिने फोन गिटारीजवळ ठेवला.